दोघांच्या वजनाची गाडी

मागची स्प्रिंग कुठली टाकायची हे ठरवताना कुठलाही मेकॅनिक जो प्रश्न विचारतो, तोच बोल्टने विचारला. गाडीवरून एकटे जाणार, की मागे कोणी बसणार?

प्रश्न केवढासा! पण आपला नकाशेवाला असा गप्प झाला की बोल्टला वाटलं, याला ऐकूच गेलं नाही. शेजारी कंप्रेसर धडधडत होता. बोल्टने तो बंद केला आणि पुन्हा विचारलं. तेव्हा नकाशेवाला हातातला पाना पुसत, खाली बघत म्हणाला की दोघं. म्हणजे जाताना एकटा, येताना दोघं.

"मग स्प्रिंग कुठल्या हिशेबाने टाकू? जाण्याच्या की येण्याच्या?"

"येण्याच्या," तो म्हणाला.

बोल्ट हे काही त्याचं खरं नाव नव्हे. अंगाने काडी आणि वर डोकं हे एवढं, म्हणून अख्खी गल्ली त्याला बोल्ट म्हणायची आणि तोही हाकेला ओ द्यायचा. नकाशेवाल्याचंही तसंच. पाणीखात्यात जमिनीखालच्या पाइपांचे नकाशे काढायची त्याची नोकरी. कुठल्या गल्लीत कुठला पाइप कुठे वळतो आणि कुठे त्याला व्हॉल्व्ह आहे, हे तो झोपेत सांगेल. त्याची धाकटी बहीण म्हणायची, दादाला जमिनीखालचं सगळं कळतं, वरचं काही म्हणता काही कळत नाही. ती थट्टेने म्हणायची, पण थट्टेत निम्मं खरं असतंच.

वरचं म्हणजे काय, तर बायको. ती शिक्षिका. शहरातली तिची शाळा पोरं कमी झाली म्हणून बंद पडली आणि तिला डोंगरापलीकडच्या एका निवासी शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळाली. लोखंडी पुलापाशी डांबर संपतं. तिथून पुढे नुसती दगडधोंड्यांची वाट, मध्ये एक ओढा, मग अंगावर येणारा चढ. ती म्हणाली होती, चला तुम्हीही. तो म्हणाला, तू हो पुढे. ती म्हणाली, मग निदान येऊन-जाऊन तरी राहा. तो म्हणाला, बघू. त्या 'बघू'ला आता तीन वर्षं झाली होती.

पहिल्या वर्षी ती दर महिन्याला खाली यायची, शाळेचं सामान नेणाऱ्या जीपमधून. मग महिन्याआड यायला लागली. मग फक्त मोठ्या सुट्टीत. यंदा सुट्टीतही आली नाही, शाळेचं छप्पर बदलायचं होतं म्हणे. रविवारी फोन व्हायचा. तिकडे थंडी पडली का, गोळ्या वेळेवर घेता ना, मोरीचा नळ गळत होता तो दुरुस्त केलात का. शहरभराचे पाइप सांभाळणाऱ्याच्या घरातला नळ तीन वर्षं गळत होता, यावर पूर्वी दोघं हसले असते. आता दोघांपैकी एक जण 'बरं' म्हणायचा आणि फोन बंद व्हायचा.

घर खायला उठतं म्हणतात ना, तसं त्याचं झालं होतं. दोन खोल्यांचं घर ते, पण संध्याकाळी दार उघडलं की केवढं तरी मोठं वाटायचं. तो भात अजून दोघांपुरता लावायचा आणि उरलेला दुसऱ्या दिवशी खायचा. दोरीवरचे वाळलेले कपडे तो तिच्या बाजूला, पलंगावर टाकून ठेवायचा. घडी घालायचा कंटाळा म्हणून नव्हे, ती जागा मोकळी दिसू नये म्हणून. कधी स्वयंपाकघरातून "अगं, मीठ कुठाय?" असं तोंडातून निघून जायचं. मग तो स्वतःच डबा शोधायचा आणि उगाचच जोरात झाकण लावायचा.

आता तुम्ही म्हणाल, दर शनिवारी जीप जात होती, तर हा गृहस्थ तिच्यात बसून गेला का नाही? काखेत कळसा आणि गावाला वळसा! बहिणीनेही हेच विचारलं होतं. तर म्हणे, पिठाच्या पोत्यांवर बसून बायकोच्या दारात उतरू का मी? आणि माझी गाडी डांबराच्या पुढे जात नाही, तिला मी काय करू? खरी गोष्ट अशी होती की तो रुसला होता. ती गेली म्हणून रुसला होता. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला 'मी रुसलोय' म्हणता येत नाही, म्हणून तो रस्ता खराब आहे असं म्हणायचा.

पण यंदा सुट्टीत ती आली नाही, तेव्हा त्याची पंचाईत झाली. रुसून बसलेल्याची कोणी समजूतच काढायला आलं नाही, तर त्या रुसण्याचं करायचं काय? ती कायमची तिकडचीच होऊन जाईल, ही भीती त्याला पहिल्यांदा वाटली. मग त्याने ठरवलं. ऑफिसला न्यायची ही साधी रस्त्यावरची गाडी डोंगरात चढेल अशी करायची, वर जायचं आणि तिला मागे बसवून घरी घेऊन यायचं. ती येईल का, हा प्रश्न मनात आला नाही असं नाही. आला. त्याने तो हाकलून लावला.

त्यानंतर दर रविवारी सकाळी फोन झाला की तो बोल्टच्या गॅरेजात हजर. नकाशेवालाच तो! त्याने गाडीचाच नकाशा काढून आणला होता, एका बाजूने, वरून आणि मागून. बोल्टने तो कौतुकाने पाहिला आणि मग त्यावर चहाचा कप ठेवला.

रस्त्यावरच्या गाडीला डोंगराची गाडी करायचं म्हणजे तिचं सगळं आयुष्यच बदलायचं. गुळगुळीत टायर काढून जाड गुट्ट्यांचे टायर घातले. धक्का बसला की तडकणारी ओतीव चाकं काढून आऱ्यांची चाकं बसवली, कारण आरे वाकतात, मोडत नाहीत. इंजिनाखाली दगड लागू नयेत म्हणून जाड पत्रा ठोकला. ओढ्याचं पाणी शिरू नये म्हणून सायलेन्सर वर उचलला. उभं राहून चालवता यावी म्हणून हँडल उंच केलं. मागचे शॉक लांब टाकले आणि त्यांच्यावर ती दोघांच्या वजनाची जाडजूड स्प्रिंग. या स्प्रिंगची गंमत अशी, की एकट्यासाठीच्या स्प्रिंगवर दोघं बसले तर गाडीचं पोट दगडाला घासतं, आणि दोघांसाठीच्या स्प्रिंगवर एकटा बसला तर गाडी त्याला चेंडूसारखी उडवते. बोल्टने हे दोनदा समजावून सांगितलं. नकाशेवाल्याने दोनदा मान डोलावली.

सीटचं काम मात्र त्याने स्वतः अंगावर घेतलं. मागची बाजू रुंद करून घेतली, कारण तिची कंबर दुखते. धरायच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळली, कारण तिला गार लोखंड सोसत नाही. बोल्ट बघत राहिला. एवढ्या वर्षांत त्याने पुष्कळ लोकांच्या गाड्या अशा करून दिल्या होत्या. त्यातल्या कोणी दांड्याला पट्टी गुंडाळली नव्हती.

गाडी तयार झाली आणि नकाशेवाला तिच्यावर बसला, तेव्हा एक घोटाळा लक्षात आला. गाडीची उंची मापाबरहुकूम होती, दगडांची, ओढ्याची, दोघांच्या वजनाची, सगळ्याची मापं धरली होती. फक्त चालवणाऱ्याच्या पायांचं माप धरायचं राहिलं होतं. त्याच्या टाचा जमिनीला लागेनात. साइड स्टँडही आखूड पडला, तो लावून हा उतरला तर गाडी गॅरेजच्या दारातच आडवी झाली. बोल्टने स्टँडला तुकडा जोडला. पण पायांना तुकडा कसा जोडणार?

"वहिनी मागे बसल्या की गाडी खाली बसेल आणि तुमचे पाय टेकतील," तो म्हणाला. "तोवर बोटांवर नाचा."

सरावासाठी बोल्टने मागच्या सीटवर वाळूचं पोतं बांधून दिलं. तिच्या वजनाचं, म्हणजे नकाशेवाल्याला आठवत होतं तेवढ्या वजनाचं. आठवडाभर तो त्या पोत्यासकट शहराबाहेरच्या खाणीत चकरा मारत होता. गल्लीतले लोक काय सोडतात? वहिनी जरा गप्प गप्प दिसतात हो, असं एकाने म्हटलं. हाही हसला. पण परत येताना खड्डा आला की "धर हं" असं तो मागे न बघता म्हणायचा, आणि आपण पोत्याशी बोललो हे कळल्यावर त्याचे कान गरम व्हायचे.

निघायच्या आदल्या दिवशी बहीण घरी आली. तिने खोली झाडलेली पाहिली, पलंगावरचे कपडे घडी घालून कपाटात गेलेले पाहिले, आणि म्हणाली, "दादा, तू वहिनीला विचारलंयस का?"

तो म्हणाला, त्यात विचारायचं काय. नवरा न्यायला येतोय, यात विचारायचं काय. असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात, समोर गेलं की आपोआप होतात. बहीण चप्पल घालून निघाली. पालथ्या घड्यावर पाणी कोण घालणार!

बोल्टने एक गोष्ट बजावून सांगितली होती, वर जाताना पोतं बांधूनच जा, तिथे पोचल्यावर वाळू ओतून द्या, नाहीतर गाडी तुम्हाला फेकून देईल. शनिवारी सकाळी नकाशेवाल्याने पोतं बांधलं, दोन पावलं मागे येऊन बघितलं, आणि सोडून ठेवलं. तिच्या जागेवर पोतं बसवून तिच्यापुढे जाऊन उभं राहायचं? छे! एवढी मेहनत करून, गाडी कशी चालते हे पक्कं ठाऊक असूनही हा माणूस मागची सीट मोकळी ठेवून निघाला. असं शहाणपण फक्त नवरेच करू शकतात.

लोखंडी पुलापर्यंत सगळं झकास झालं. पुलाशी त्याने टायरमधली थोडी हवा सोडली, हेल्मेटची पट्टी आवळली आणि दगडांत गाडी घातली. मग त्या स्प्रिंगने त्याला आपलं खरं रूप दाखवलं. प्रत्येक दगडागणिक मागचं चाक उडी मारायचं आणि याला वर फेकायचं. हा पायांवर उभा राहून, गुडघे वाकवून, दात आवळून चालवत होता. आजूबाजूला माणूस म्हणून दिसत नव्हता. खालून एकटी गाडी आदळण्याचा आवाज, तोही डोंगरावरून परत यायचा. आपण किती एकटे आहोत हे घरी त्याला भिंती सांगायच्या, इथे डोंगर सांगत होता.

ओढ्यात व्हायचं तेच झालं. मध्यावर पुढचं चाक गोट्याला अडलं, गाडी थांबली, त्याने पाय टेकवला, आणि पायाखाली काहीच आलं नाही. दोघंही पाण्यात आडवे झाले, तो आणि गाडी. लागलं फारसं नाही. पण गाडी काही केल्या उचलेना. तीनदा जोर लावून तो तिथेच एका दगडावर बसला, बुटांत पाणी भरलेला, आणि त्याला रडू आलं. बघायला कोणी नव्हतं म्हणून त्याने ते आवरलंही नाही.

मागून शनिवारची जीप आली. ड्रायव्हर उतरला, पँट दुमडून पाण्यात शिरला, दोघांनी मिळून गाडी काठावर घेतली. शाळेत चाललात का, ड्रायव्हरने विचारलं. हो, बाईंकडे. बाईंचे कोण तुम्ही? नकाशेवाल्याने सांगितलं. ड्रायव्हर क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिला.

"माफ करा हं," तो म्हणाला, "आम्हाला वाटायचं, बाई एकट्याच आहेत."

शाळा म्हणजे तीन लांबट इमारती आणि मध्ये अंगण. छपराला नवे पत्रे होते, उन्हात चमकत होते. म्हणजे छपराची गोष्ट खरी होती. एवढ्यानेही त्याला जरा बरं वाटलं. ती वर्गातून बाहेर आली, हातात खडू. केस पिकले होते, चेहरा उन्हाने रापला होता, आणि ती पूर्वीपेक्षा ताठ चालत होती. तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि हसत सुटली.

"अहो, हे काय ध्यान! ओढ्यात पोहलात की काय?"

तिला हसताना बघून त्याचा जीव भांड्यात पडला. झालं, काम फत्ते, असंच त्याला वाटलं. तिने टॉवेल दिला, चहा दिला. गाडीभोवती फिरून तिने प्रत्येक गोष्ट विचारली, हे काय, ते कशाला, आणि हाही एकेक करून सांगत गेला. रुंद सीटवर तिने हात फिरवला. पट्टी गुंडाळलेल्या दांड्यापाशी तिचा हात थांबला. मग तिने त्याच्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

तेव्हा तो म्हणाला, "मी तुला न्यायला आलोय."

खडू तिने खिडकीत ठेवला, हात झटकले आणि म्हणाली, आधी एक चक्कर तर मारू.

ती मागे बसली. गाडी हळूच खाली बसली आणि नकाशेवाल्याचे दोन्ही पाय सपाट जमिनीला लागले. मग ते निघाले, शाळेच्या फाटकातून, वस्तीच्या वाटेने. काय सांगू तुम्हाला, तीच गाडी, तेच दगड, पण आता ती अशी चालत होती की जणू खाली गादी अंथरली आहे. स्प्रिंग दबायची आणि सावकाश वर यायची. त्याचं सगळं गणित बरोबर निघालं होतं. खांद्यावर तिचा हात होता. एका वळणावर तो "धर हं" म्हणाला आणि मागून "धरलंय" असं उत्तर आलं. या तीन वर्षांत इतका सुखी तो कधीच नव्हता. मनातल्या मनात तो पूल ओलांडून, डांबर लागून, गल्लीत पोचलासुद्धा.

वस्तीच्या शेवटच्या घराशी तिने खांद्यावर थाप मारली.

"थांबवा इथे."

त्याने थांबवली. त्याला वाटलं, तिला काही दाखवायचं असेल. ती उतरली. ती उतरली तशी गाडी वर उठली आणि त्याच्या टाचा जमिनीवरून सुटल्या. तो चवड्यांवर तोल सावरत तसाच बसून राहिला.

"इथून पुढे मी नाही येणार," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पहिलं वर्षभर मी दर शनिवारी फाटकात उभी राहायचे. जीपमधून पोती उतरायची, भाजी उतरायची, वह्या उतरायच्या. मी शेवटचं खोकं उतरेपर्यंत थांबायचे. मग मी सोडून दिलं. गाडी फार छान केलीत हो तुम्ही. पण तुम्ही मला न्यायला आलात. भेटायला कधीच आला नाहीत."

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. पिठाच्या पोत्यांचं, रुसण्याचं, दोघांपुरत्या भाताचं. आपण चुकलो, हे एवढं जरी म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण बायको खाली उभी आणि हा उंच गाडीवर चवड्यांवर, अशा अवस्थेत त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "मग आता?"

"आता मला वाट न बघायची सवय झालीय," ती म्हणाली. "चला, तुमचे कपडे ओले आहेत."

ती चालत निघाली. तो उतरला आणि गाडी हाताने ढकलत तिच्या मागून गेला. पुन्हा मागे बस असं म्हणायचा त्याला धीर झाला नाही. वाटेत भेटणारी माणसं तिला थांबवून काहीबाही विचारत होती, छपराचं, कोणाच्या तापाचं, आणि ती प्रत्येकाला उत्तर देत होती. या माणसांत तिला काही कमी पडत नव्हतं, हे त्याला दिसत होतं आणि ते बघणं सोपं नव्हतं.

शाळेच्या मागच्या बाजूला पाहुण्यांची एक खोली होती. तिने कुलूप काढलं, खिडकी उघडली, पलंगावरची चादर बदलली. उशीला अभ्रा घालता घालता ती थांबली. उशी तशीच छातीशी धरून, त्याच्याकडे नीट बघत तिने विचारलं, "स्वयंपाकघरात सांगायला हवं. किती दिवस आहात?"

तिने ते सहज विचारलं नव्हतं. एवढं कळण्याइतका तो तिच्याबरोबर राहिला होता. ती उत्तरासाठी थांबली होती, आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा कशासाठी तरी थांबली होती. बाहेर पोरांचा गलका चालला होता. त्याला तोंडात मारल्यासारखं झालं होतं, लाज वाटत होती, आणि लाजेपुढे या माणसाचं आजवर कधी काही चाललं नव्हतं.

"उद्या सकाळी निघतो," तो म्हणाला. "सोमवारी कामावर हजर व्हायचंय."

तिने मान हलवली, उशी जागेवर ठेवली आणि स्वयंपाकघरात सांगायला गेली. तिचं सामान बांधायला वेळ लागेल म्हणून त्याने आठवडाभराची रजा घेतली होती, हे त्याने तिला सांगितलं नाही.